गाडी थांबवायची कुठे? हिवाळ्यात माळशेजला प्राणी-पक्षी पाहायला निघालेल्या मुंबईकरांसाठी

पहिल्यांदा माळशेजला ‘पक्षी बघायला’ गेले तेव्हा भांडुप ते घाटमाथा हे अंतर आम्ही पावणेतीन तासांत कापलं. वर पोचलो, चहा प्यायलो, दरीचे फोटो काढले आणि परतलो. दिवसभराची कमाई: कावळे, घारी आणि तारेवरून उडालेलं ‘काहीतरी निळं’. दुसऱ्या खेपेला मावशी बरोबर होती. तिचे गुडघे दुखतात म्हणून दर वीस-पंचवीस मिनिटांनी गाडी थांबवायची असं आधीच ठरलं होतं. थांबल्यावर ती उतरायचीही नाही, काच खाली करून नुसती बसून राहायची. त्या दिवशी वहीत ३४ जातींचे पक्षी आणि मुंगसाचं एक कुटुंब नोंदलं गेलं. त्यातले निम्मे तरी मावशीनेच आधी पाहिले.

पुढे जे लिहिलंय ते बरंचसं मावशीच्या गुडघ्यांमुळे कळलेलं आहे.

आधी घरच्या खिडकीत

दुर्बीण लगेच विकत घेऊ नका. ओळखीत कुणाच्या तरी कपाटात एक पडलेली असतेच, ती मागून आणा. तिच्यावर ८×४२ असं काही लिहिलेलं असेल. पहिला आकडा वस्तू किती पट जवळ दिसते ते सांगतो आणि दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. नवख्या माणसाला आठ पट पुरे. दहा-बारा पटींची घेतली तर हाताचा कंपही तितकाच वाढून दिसतो आणि पक्षी चौकटीत सापडत नाही.

दुर्बीण स्वतःच्या डोळ्यांना लावून घ्यायला दोन मिनिटं लागतात, पण बरेच जण ते करतच नाहीत आणि मग डोकं दुखतं म्हणतात. उजवा डोळा झाका आणि मधलं चाक फिरवून डाव्या डोळ्याला समोरच्या इमारतीवरची पाटी स्पष्ट करून घ्या. आता डावा डोळा झाका आणि उजव्या नळीवरची कडी फिरवून तीच पाटी स्पष्ट करा. कडी तिथेच राहू द्या, यापुढे फक्त मधलं चाक वापरायचं. चष्मा असेल तर डोळ्यांजवळच्या रबरी वाट्या खाली दुमडा किंवा फिरवून आत घ्या.

मग आठ-दहा दिवस कावळ्यांवर सराव करा. आधी नुसत्या डोळ्यांनी कावळा पकडा, नजर तिथून हलवू नका आणि दुर्बीण वर आणून डोळ्यांपुढे धरा. मान खाली घालून दुर्बीण शोधलीत की कावळा हरवलाच. खिडकीतून कावळा, घार, तांबट, दयाळ आणि भारद्वाज एवढे पाच झटकन सापडायला लागले की तुम्ही निघायला तयार झालात.

गाडीत काय हवं

स्वेटर. हसू नका. मुंबईत पारा सोळा-सतरावर आला की आपण कानटोपी घालतो. जुन्नरच्या पट्ट्यात डिसेंबर-जानेवारीत पहाटे तो दहाच्याही खाली जातो आणि तुम्ही काचा खाली करून बसणार आहात. कपडे मातकट किंवा हिरवट असावेत. पांढरा शर्ट आणि लाल ओढणी घरी ठेवा.

थर्मासमध्ये चहा, पाणी, डब्यात खाणं. एका जुन्या उशीच्या अभ्र्यात दोन किलो तांदूळ भरून तोंड शिवून टाका. अर्धवट उतरवलेल्या काचेवर ही पिशवी ठेवून तिच्यावर दुर्बीण किंवा कॅमेरा टेकवला की हात थरथरत नाहीत. एक वही आणि पेन्सिल हवी. मोबाइलमध्ये पक्षी ओळखायचं मर्लिन अ‍ॅप घेत असाल तर भारतातल्या पक्ष्यांची माहिती घरच्या वायफायवरच उतरवून ठेवा, घाटात नेटवर्कचा भरवसा नसतो. मात्र अ‍ॅपमधले आवाज वाजवून पक्ष्याला जवळ बोलावू नका. आपल्या हद्दीत दुसरा कोणी घुसला असं समजून तो खाणंपिणं सोडून शोधत फिरतो.

कधी निघायचं

नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत. राज्यात ५ ते १२ नोव्हेंबर पक्षी सप्ताह पाळला जातो, मारुती चितमपल्ली आणि सालिम अली यांच्या जन्मदिवसांच्या मधला तो आठवडा. हंगामाची घंटा म्हणून तो लक्षात ठेवायला सोपा. डिसेंबर-जानेवारीत हिमालयापलीकडून आलेले पाहुणे स्थिरावलेले असतात. फेब्रुवारीत पानगळ होते आणि झाडांच्या आतलंही दिसायला लागतं. मला विचाराल तर फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा. का ते पुढे येईलच.

जानेवारीत सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो. उजाडताना तुम्ही मुरबाडच्या पुढे, टोकावड्याच्या आसपास असायला हवं. त्यासाठी दादरहून पहाटे चारला निघावं लागतं, ठाण्याहून साडेचारला. कल्याण ते माळशेज साधारण ८५-९० किलोमीटर, रस्ता सरळ: कल्याण, मुरबाड, सरळगाव, टोकावडे, घाट. पुढे हाच राष्ट्रीय महामार्ग ६१ ओतूर, आळेफाट्यावरून अहिल्यानगरकडे जातो. शक्य असेल तर मधला वार पकडा. रविवारी दहानंतर घाटात स्पीकर लावलेल्या गाड्या येतात. गाडी नसेल तर कल्याणहून या रस्त्याने एसटी जाते, पण मग थांबे तुमच्या हातात राहत नाहीत आणि हा सगळा खेळ थांब्यांचाच आहे.

मुरबाडच्या पुढे तारा वाचा

भात कापून झालेलं असतं. खाचरांत कुठे वाल, कुठे नुसती धसकटं, ओढ्यांवर धुकं. इथे जंगल शोधू नका. विजेच्या तारा बघा. वेग ३०-४०, मागून टेम्पो आला की बाजूला होऊन त्याला जाऊ द्या.

तारेवर काळा, दुभंगलेल्या शेपटीचा तो कोतवाल. हिरवा, सडपातळ, सारखा उडून परत त्याच जागी येणारा वेडा राघू. डोळ्यांवर काळी पट्टी बांधल्यासारखा दिसतो तो खाटीक. मैनेपेक्षा मोठा, बसलेला असताना मातकट आणि उडाला की पंखांत दोन निळ्या छटा उघडणारा तो नीलपंख. पहिल्या फेरीतलं माझं ‘काहीतरी निळं’ बहुधा हेच होतं. गवताच्या किंवा काटकीच्या शेंड्यावर एकटाच बसणारा छोटा पक्षी गप्पीदास. बांधावर किंवा घराच्या कौलावर उतरून शेपटी थरथरवणारा, पोटाला तांबूस रंग असलेला तो थिरथिरा. त्याचं नाव विसरणं कठीण.

शेतावर हवेत एका जागी पंख फडफडवत लटकलेला शिकारी पक्षी दिसला तर पाठीचा रंग बघा. विटेसारखी तांबूस असेल तर खरूची, हिवाळ्यातली पाहुणी. राखाडी-पांढरी, खांद्यावर काळा डाग आणि जवळून पाहिलं तर लालभडक डोळे असतील तर कापशी. ती बारमाही इथलीच. दोघीही उंदीर-टोळांवर नजर लावून असतात.

वहीत लिहिताना नावापाशी अडू नका. आकार चिमणीएवढा, मैनेएवढा, कावळ्याएवढा की घारीएवढा ते लिहा. मग चोच, शेपटी, काय करत होता, कशावर बसला होता, वेळ. नाव घरी शोधता येतं, शेपटी हलत होती की नाही हे घरी आठवत नाही.

थांबायची रीत

गाडी हे उत्तम लपण आहे. चालत आलेल्या माणसाला पाहून दूरवरूनच उडणारा पक्षी थांबलेल्या गाडीला तितकासा बिचकत नाही. दार उघडून बाहेर पाय ठेवला की मात्र संपलं.

पक्षी दिसला तिथेच करकचून ब्रेक मारू नका. मागचा ड्रायव्हर पक्षीमित्र नसतो. थोडं पुढे जाऊन, दोन्ही चाकं डांबराच्या खाली उतरतील अशी रुंद जागा पाहून थांबा. गवतात चर लपलेली नाही ना ते आधी बघा, मी एकदा पुढचं चाक अशाच एका चरीत घातलं होतं आणि आजूबाजूच्या शेतातल्या सहा जणांनी गाडी उचलून दिली. इंजिन बंद, गाणी बंद, काचा खाली. आता दहा मिनिटं काहीच करायचं नाही.

ही दहा मिनिटं नवख्यांना सर्वांत जड जातात. पहिल्या तीन मिनिटांत झुडपं ओसाड वाटतात. पाचव्या मिनिटाला एक बुलबुल बोलतो. मग समोरच्या करवंदीच्या जाळीतून खारीएवढं काहीतरी डोकावतं, आत जातं, पुन्हा येतं, त्याच्यामागे दुसरं. मुंगसाचं कुटुंब आम्हाला असंच दिसलं. मी किल्लीला हात घातला होता तेव्हा मावशी पुटपुटली, “अगं थांब जरा, कुठे लग्नाला जायचंय तुला?”

दिशा दाखवायला बोट बाहेर काढू नका. गाडीचं बॉनेट म्हणजे बारा वाजले असं धरा आणि ‘दोन वाजता, सागाच्या मधल्या फांदीवर’ असं हळू सांगा.

झाड निवडा

पक्ष्यामागे फिरण्यापेक्षा झाड शोधून त्याच्यापुढे बसावं. फेब्रुवारी मला आवडतो तो यासाठी. काटेसावर आणि पांगारा तेव्हा निष्पर्ण असतात आणि लाल फुलांनी भरलेले असतात, त्यांच्यापाठोपाठ पळस पेटतो. फुलांत मध असतो आणि तो प्यायला सगळी वस्ती लोटते: मैना, बुलबुल, कोतवाल, सूर्यपक्षी, कावळेसुद्धा. युरोप-मध्य आशियाकडून आलेल्या गुलाबी-काळ्या भोरड्या थव्याने उतरतात आणि झाड अक्षरशः गलका करतं. पान एकही आड येत नाही. एका सावरीखाली, म्हणजे पन्नासेक पावलं लांब, सूर्य पाठीशी ठेवून अर्धा तास बसा. अर्ध्या दिवसाच्या भटकंतीत दिसणार नाही इतकं दिसेल. खाली पडलेल्या मांसल फुलांसाठी पहाटे किंवा संध्याकाळी भेकरासारखे प्राणीही येतात, पण ते रस्त्याला लागून असलेल्या झाडाखाली नाही, जरा आतल्या.

दुसरं झाड म्हणजे पिकलेला उंबर, वड किंवा पिंपळ. तिथे हरियाल मिळतात, आपला राज्यपक्षी. हिरव्या पानांत हिरवं कबुतर, पाय मात्र हळदीसारखे पिवळे. पहिली पाच मिनिटं झाडावर एकही नाही असं वाटतं आणि टाळी वाजली तर पंचवीस उडतात. टाळी वाजवू नका.

घाटात

साडेनऊ-दहापर्यंत घाटाच्या पायथ्याशी राहा. घाईने वर जाऊन उपयोग नाही, कारण मोठे शिकारी पक्षी तोवर उठतच नाहीत. कातळ तापून गरम हवा वर चढायला लागली की तिच्यावर पंख पसरून ते गोल गोल वर जातात. दहा ते साडेअकरा ही त्यांची वेळ.

चढताना नियम जुनेच: चढणाऱ्या गाडीला आधी वाट, वळणावर हॉर्न, वळणावर कधीही थांबायचं नाही. उतरताना ज्या गिअरमध्ये ती चढण चढली असती त्याच गिअरमध्ये उतरायचं. ओतूर-आळेफाट्याकडचा भाजीपाला याच घाटाने कल्याणच्या बाजारात उतरतो आणि भरलेल्या ट्रकला तुमच्यासारखं पटकन थांबता येत नाही. छोट्या बोगद्याच्या आगेमागे ठरलेल्या रुंद जागा आहेत, तिथेच गाडी लावा.

आता दरीकडे पाठ करा आणि कडा बघा. कातळावर चुना ओतल्यासारखे पांढरे ओघळ दिसले तर वर कुणाची तरी बसायची किंवा घरट्याची कपार आहे. त्या ओघळांच्या वरच्या टोकाशी दुर्बीण लावून थांबा. सर्पगरुड ओरडत फिरतो, त्याची लांब तिहेरी शीळ एकदा ऐकली की पुन्हा ओळखू येते, आणि खालून पाहिलं तर पंखांवर रुंद पांढरा पट्टा दिसतो. गिधाड दिसलं तर नशीबच. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामकाने देशातली गिधाडं जवळजवळ संपवली. जनावरांसाठी त्या औषधावर २००६ मध्ये बंदी आली, पण गिधाड जोडीमागे वर्षाला एकच पिल्लू वाढवतं. कपारीजवळ घरटं दिसलं तर जागा सगळीकडे पसरवू नका.

संरक्षक कठड्यावर बसलेला निळसर-करडा, मैनेएवढा पक्षी म्हणजे निळा कस्तुर, हाही हिवाळ्यापुरताच. कठड्याखालच्या ओल्या कातळावर पिवळ्या पोटाचा, शेपटी वरखाली करत चालणारा तो करडा धोबी.

माकडांविषयी. लाल तोंडाची, डोक्यावर भांग पाडल्यासारखे केस असलेली ती माकडं. काळ्या तोंडाची, लांब शेपटीची ती वानरं. वानरं बहुतेक वेळा झाडावर पाला खात असतात आणि तुमच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. माकडं रस्त्यावर बसतात, कारण आपण त्यांना बसवलंय. वेफर्स फेकणाऱ्या गाड्या पाहून ती वळणावर येतात आणि चाकाखाली जातात. त्यांना काही देऊ नका आणि काच चार बोटांपेक्षा जास्त खाली ठेवू नका. माझी वडापावची पिशवी एका माकडाने मांडीवरून उचलून नेली, चटणीसकट. कठड्यावर बसून त्याने लसणाची चटणी तेवढी बाजूला काढली.

प्राण्याच्या मागे गाडी घालणं, हॉर्न वाजवून हाकणं, आमिष टाकणं हा निव्वळ चावटपणा नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीच्या व्याख्येत मारण्याबरोबर पाठलाग करणं, हाकणं आणि आमिष दाखवणंही धरलेलं आहे.

धरणाची भिंत

घाट संपला की पठार आणि डावीकडे पिंपळगाव जोगा धरणाचं पाणी. खुबी फाट्याहून खिरेश्वरकडे जाणारी वाट धरणाच्या भिंतीवरून जाते. खिरेश्वर म्हणजे हरिश्चंद्रगडाचा पायथा, त्यामुळे ट्रेकवाले दिसतील. दुपारी बारा ते तीन जंगलात सामसूम असते, तो वेळ इथे घालवा आणि डबा इथेच खा.

पाण्यावर सूर्य पाठीशी येईल अशी बाजू घ्या. केशरी-तांबूस, बदकापेक्षा मोठे, बहुतेक जोडीने दिसणारे ते चक्रवाक. लडाख-तिबेटकडे अंडी घालून इथे उतरतात. रात्री नर-मादीची ताटातूट होते आणि ती दोन काठांवरून एकमेकांना हाका मारतात, ही जुन्या काव्यातली समजूत यांच्याबद्दलचीच. प्रत्यक्षात दोघं शेजारी शेजारी डुलक्या काढताना दिसतात. काळं अंग आणि कपाळावर पांढरा टिळा तो चांदवा.

माळशेज म्हणजे रोहित, अर्थात फ्लेमिंगो, असं जाहिराती सांगतात. हिवाळ्यात रोहित पाहायचे असतील तर एवढं पेट्रोल जाळू नका. शिवडीची जेटी आहे आणि २०१५ साली जाहीर झालेलं ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य ऐरोलीत आहे. फक्त भरतीची वेळ बघून जा. तसंच शेकरूचं. आपला हा राज्यप्राणी, शेपटीसकट सुमारे तीन फुटांची तांबूस खार, पाहायचा असेल तर १९८५ पासून अभयारण्य असलेलं भीमाशंकर गाठा, सोमवार आणि महाशिवरात्र टाळून.

परतीचा अंधार

मावळतीच्या आधी घाट उतरायला लागा. सहा-साडेसहाला सूर्य जातो आणि मग रस्ता त्यांचा होतो. ससा, उदमांजर, साळिंदर, रानडुक्कर, आणि जुन्नरच्या उसाच्या पट्ट्यापासून हा भाग लांब नसल्याने बिबट्याही. प्रकाशझोतात रस्त्याकडेला डोळे चमकले की वेग कमी करा, हेडलाइट खाली करा, हॉर्न नको. प्राणी ओलांडून गेला तरी लगेच निघू नका, डुकरांच्या मागून पिल्लं येत असतात. बिबट्या असेल तर काचा वर आणि आतच बसायचं. त्याच्यावर टॉर्च मारत व्हिडिओ काढणाऱ्यांनी निदान आमच्या मागची जागा अडवू नये.

एक छोटे डोळे मात्र थेट डांबरावर चमकतील, निखाऱ्यासारखे लाल. तो रातवा. दिवसभर तापलेल्या रस्त्यावर तो बसून राहतो आणि उडायचं अगदी शेवटच्या क्षणी ठरवतो, बऱ्याचदा उशिरा. गाडी हळू करा, लागलं तर थांबा. तो उडतो, दहा पावलांवर पुन्हा रस्त्यावरच बसतो. मावशीने त्या दिवशी त्याला चार वेळा उठवून दिला, दर वेळी खिडकीतून “अरे बाबा, कडेला हो” म्हणत.

जखमी प्राणी किंवा डोंगरावर वणवा दिसला तर वन विभागाचा १९२६ हा नि:शुल्क क्रमांक आहे. किलोमीटरचा दगड वाचून जागा नेमकी सांगा. जखमी प्राण्याला स्वतः उचलायला जाऊ नका.

सरळगावला चहा घ्या आणि वही तिथेच पूर्ण करा, घरी गेल्यावर होत नाही. नाव न लागलेल्यांपुढे प्रश्नचिन्ह टाका. आमच्या वहीत एक प्रश्नचिन्ह अजून तसंच आहे: ‘टोकावडे, ओढ्याकाठी, चिमणीएवढा, शेपटीला तांबूस कडा, मावशीने पाहिला, मी नाही.’ कल्याणचे दिवे दिसायला लागले की काचा वर करा.